मुठीत मावणारा फ्लॅगशिप : लहान फोनचे बळ आणि दुबळेपणा

१/
९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयफोन जगासमोर ठेवला. त्याचा पडदा ३.५ इंचांचा होता आणि त्या काळी तो प्रशस्त वाटला. आज तेवढा फोन खेळण्यात जमा होईल. या दोन टोकांच्या मधल्या काळात फोनची एक जात जन्मली, नांदली आणि जवळजवळ नामशेष झाली : देहाने लहान, पण सामर्थ्याने अव्वल. ही तिची कहाणी.

२/
सप्टेंबर २०११, बर्लिन. सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट सादर केला. एवढे मोठे धूड कानाला कोण लावणार, अशी थट्टा झाली. पण नोट खपला आणि त्यानंतर पडदे वाढतच गेले. ४ इंचांवर थांबलेल्या ॲपलनेही २०१४ मध्ये ४.७ आणि ५.५ इंचांचे फोन काढून नव्या प्रवाहाला मान्यता दिली.

३/
लहान फोन लगेच संपले नाहीत. आधी त्यांची प्रतिष्ठा गेली. २०१३ मधील गॅलेक्सी एस४ मिनी आणि एचटीसी वन मिनी यांनी नाव थोरल्या भावाचे घेतले, पण प्रोसेसर मात्र कमी ताकदीचा. ‘मिनी’ म्हणजे दुय्यम, असे समीकरण रूढ झाले. लहान हाताच्या किंवा लहान खिशाच्या माणसाला चांगला फोन हवा असेल, तर त्याने मोठा घ्यावा, असाच त्याचा अर्थ होता.

४/
हे समीकरण सोनीने मोडले. जानेवारी २०१४ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात एक्सपीरिया झेड१ कॉम्पॅक्ट आला. पडदा ४.३ इंचांचा, पण स्नॅपड्रॅगन ८०० प्रोसेसर, २ जीबी रॅम, २०.७ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि पाण्यापासून संरक्षण हे सारे ५ इंचांच्या झेड१ मधलेच. वजन १३७ ग्रॅम.

५/
आता लहान देहाची खरी अडचण पाहू. फोन लहान केला म्हणून कॅमेरा, प्रोसेसर, अँटेना आणि स्पीकर त्याच प्रमाणात लहान होत नाहीत. त्यांची जागा जवळपास ठरलेली असते. मग जागेची सगळी तूट बॅटरीच्या वाट्याला येते. शिवाय प्रोसेसरची उष्णता बाहेर पडायला पृष्ठभागही कमी मिळतो. हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हे, भूमिती आहे.

६/
सोनीने या भूमितीशी तडजोड कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. बॅटरी ३,००० वरून २,३०० एमएएच झाली. पण पडद्यावरील पिक्सेलही सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर, म्हणजे निम्म्याहून खाली आले. प्रोसेसरचा भार हलका झाला. देहाची जाडीही ८.५ ऐवजी ९.५ मिलिमीटर ठेवली. परिणाम असा, की परीक्षकांनी या लहान फोनच्या बॅटरीचे कौतुकच केले.

७/
ही परंपरा २०१८ च्या एक्सझेड२ कॉम्पॅक्टपर्यंत चालली आणि तिथेच थांबली. दरम्यान ॲपलने मार्च २०१६ मध्ये ४ इंचांचा आयफोन एसई आणला. २०१५ या एका वर्षात ४ इंचांचे ३ कोटी आयफोन विकले गेल्याचे ॲपलने त्या वेळी सांगितले. लहान फोनची मागणी खोटी नव्हती. २०१७ मध्ये हाच एसई बेंगळुरूत जुळवला जाऊ लागला.

८/
पण फोनचे काम बदलत होते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि भारतात डेटा स्वस्त झाला. बोलण्याचे व निरोपाचे यंत्र चित्रपट, क्रिकेट आणि व्हिडिओ पाहण्याचे यंत्र बनले. एका हाताची सोय आणि डोळ्यांची सोय यांत बहुतेकांनी डोळ्यांची बाजू घेतली.

९/
ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ मिनी आला : ५.४ इंच, सुमारे १३५ ग्रॅम. ए१४ प्रोसेसर आणि मागचे दोन्ही कॅमेरे आयफोन १२ चेच. भारतातील किंमत ६९,९०० रुपये, म्हणजे थोरल्यापेक्षा १०,००० कमी. बळ पूर्ण होते. पण ॲपलच्याच आकड्यांनुसार व्हिडिओ १५ तास चाले, आयफोन १२ वर १७ तास.

१०/
इथे सोनीशी तुलना बोलकी ठरते. मिनीचा पडदा लहान, तरी पिक्सेल जेमतेम १५ टक्क्यांनी घटले. जाडी दोन्ही फोनची एकच, ७.४ मिलिमीटर. सोनीने सडपातळपणा आणि बारीक अक्षरांची धार थोडी सोडून बॅटरी जपली. ॲपलने उलट केले. म्हणजे लहान फोनचा दुबळेपणा काही अंशी अटळ होता आणि काही अंशी निवडलेला.

११/
त्यातच एप्रिल २०२० मध्ये नवा, स्वस्त एसई येऊन गेला होता. लहान फोनच्या ग्राहकांपैकी अनेकांची गरज तिथेच भागली असणार. २०२१ च्या १३ मिनीने जाडी किंचित वाढवून १७ तास गाठले, म्हणजे दोष बराचसा दूर केला. तोवर बाजाराचा निर्णय झाला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये मिनीच्या जागी ६.७ इंचांचा प्लस आला. अँड्रॉइडकडे ५.९ इंचांची झेनफोन मालिका टिकून होती. २०२४ मध्ये तिच्याही नव्या फोनने ६.७८ इंच गाठले.

१२/
अलीकडे सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांमुळे तेवढ्याच जागेत अधिक ऊर्जा मावू लागली आहे. २०२५ मध्ये भारतात आलेल्या वनप्लस १३एस या ६.३२ इंचांच्या फोनमध्ये ५,८५० एमएएचची बॅटरी आहे. जुनी तूट भरून निघाली. मात्र ज्याला आज ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात, त्याचा पडदा २०११ मध्ये थट्टेचा विषय झालेल्या नोटपेक्षा एका इंचाने मोठा आहे. पडदे मोठे होत गेले. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचू पाहणारा अंगठा मात्र २००७ मध्ये होता तेवढाच आहे.