अफवा, सुई आणि एतबार

साथीला उर्दूत 'वबा' म्हणतात आणि प्लेगला 'ताऊन'. वबा कधी एकटी येत नाही. तिच्या मागोमाग अफवा येते आणि पुष्कळदा ती वबेच्याही आधी मोहल्ल्यात पोहोचते. २०२१ साली करोनाची लस आली, तेव्हा आपल्या वस्त्यांतून काय काय ऐकू आले ते आठवून पाहावे. लस घेणारा दोन वर्षांत मरतो, लसीने पुरुष नामर्द होतो, बाईला मूल होत नाही. हे सारे मोबाईलमुळे पसरले, असे आपण म्हणतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी मोबाईल नव्हता, आणि हीच वाक्ये थोड्याफार फरकाने लोकांच्या तोंडी होती. त्या काळाचा इतिहास मुस्लिम वाचकाने जरूर वाचावा. दगड उचलणारे हात आपल्या पूर्वजांचे होते, तसेच लसीसाठी पुढे आलेले दंडही त्यांचेच होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ उजाडेपर्यंत जवळजवळ निम्मे शहर गावाकडे पळाले होते. घाबरलेल्या सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. सोजिर आणि शिपाई घराघरांत शिरू लागले. रोगी उचलून इस्पितळात, घरची माणसे छावणीत आणि सामान जाळात, असा कारभार सुरू झाला. पडद्यातल्या बायकांची काख आणि जांघ परपुरुष तपासू लागले. पुण्यात याच जुलमाच्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, हे प्रत्येक मराठी मुलाला शाळेत शिकवले जाते. पण मुंबईच्या मदनपुऱ्यात काय झाले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ९ मार्च १८९८ रोजी मोमीन विणकरांच्या त्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासणीसाठी नेण्यावरून दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसे मेली.

त्याआधी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळात माणसाला बरे करत नाहीत, मारतात, अशी बोलवा होती. मेलेल्यांच्या शरीरातून 'मोमियाई' नावाचे औषध काढतात, असेही बोलले जाई. मुंबईत राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्याचा सूड म्हणून राणीने लोकांचे जीव मागितले आहेत, अशीही हूल उठली. पंजाबात लसीबद्दल सांगत की सुई गजभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, वाचलाच तर सहा महिन्यांत जातो, पुरुष नामर्द होतो आणि बाई वांझ.

या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ज्या सरकारने घराचा उंबरठा मानला नाही, त्याच सरकारची सुई दंडात घ्यायची होती. इस्पितळात गेलेला रोगी बहुधा परत येत नसे, कारण तो शेवटच्या घटकेलाच तिथे नेला जाई. अफवेतली गोष्ट खोटी असली, तरी तिच्यामागचे भय खरे होते. बळजबरीने ते भय वाढले आणि लोक रोगी लपवू लागले. लपवलेल्या रोग्यामुळे साथ आणखी पसरली.

मग एतबार कुठून आला? वाल्देमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात राजी झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, मेला कोणीच नाही. पण आकडे वाचून मोहल्ला हलत नाही. मोहल्ला ओळखीचा माणूस बघतो.

तो माणूस म्हणजे इस्माइली खोजांचे तरुण इमाम, सुलतान मुहम्मद शाह आगाखान. ते तेव्हा जेमतेम विशीचे होते. जमातीत लसीविरुद्ध भीती होती. त्यांनी चारचौघांसमोर स्वतःला लस टोचून घेतली आणि ही बातमी सर्वदूर पोहोचेल याची काळजी घेतली. पुढे १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे स्वतः नोंदवले आहे. इमामाला काही झाले नाही हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. मग हजारो खोजांनी लस घेतली. आगाखानांनी माझगावचा आपला खुश्रू लॉज हा बंगलाही हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला दिला. ज्यू शास्त्रज्ञाची लस काही काळ मुसलमान इमामाच्या बंगल्यात बनत होती. लस म्हणजे यहुद्यांचा कट, असे सांगणाऱ्यांना ही हकीकत जरूर सांगावी. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

काही जण म्हणत, साथ ही अल्लाहची मर्जी आहे, मग सुई कशाला? याचे उत्तर सुईच्या बाराशे वर्षे आधीच मिळाले होते. शामच्या वाटेवर असताना पुढे ताऊन पसरल्याचे कळताच हजरत उमर (र.) माघारी वळले. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (र.) यांनी विचारले. आपण एका तकदीरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, असा खलिफांच्या उत्तराचा आशय होता. साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथे असल्यास पळून बाहेर पडू नये, ही हदीसही त्याच प्रसंगी सांगितली गेली. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे.

या इतिहासाचे एक कडू पानही वाचले पाहिजे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष हाफकिन यांच्या माथी मारला गेला आणि त्यांची प्रयोगशाळा त्यांच्या हातून गेली. पुढे पुरावा निघाला की बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. अशी गोष्ट दडवली तर तिची अफवा होते. कारणासकट सांगितली तर लोक ती समजून घेतात.

पोलिओच्या वेळी हेच पुन्हा घडले. २००२ साली देशातील बहुतेक रुग्ण एकट्या उत्तर प्रदेशात होते आणि त्यांत मुस्लिम मुलांचे प्रमाण मोठे होते. डोस पाजल्याने मुले पुढे निपुत्रिक होतील, ही भीती तिथे पसरली होती. मग अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द मोहिमेत उतरले. मशिदींतून एलान झाले आणि मोहल्ल्यातल्याच बाया दारोदार गेल्या. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही. त्या थेंबांपैकी काही परळच्या हाफकिन आवारात तयार झाले होते.

करोनाच्या काळात आपला एतबार आणखी एका कारणाने तुटला. २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या निमित्ताने साऱ्या समाजाला रोग पसरवणारा ठरवले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरील गुन्हे रद्द करून या बळीचा बकरा करण्यावर कडक ताशेरे ओढले. पण जखम झाली होती. ज्याच्यावर काल आरोप केला, त्याच्या दारात आज सुई घेऊन गेल्यास तो दार पटकन उघडत नाही, हे सरकारनेही समजून घ्यायला हवे.

मात्र दार बंद ठेवण्याची किंमत सरकार मोजत नाही, आपली लेकरे मोजतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला आणि मुले दगावली. आजारी पडलेल्यांत लस न मिळालेली मुले पुष्कळ होती. म्हणून शिक्षकाने, पेशइमामाने, मोहल्ल्यातल्या डॉक्टरने सर्वांत आधी आणि सर्वांसमोर लस घ्यावी. ताप येईल, दंड दुखेल, हे आधीच सांगावे. शंका विचारणाऱ्याला हसू नये. बायकांशी बायकांनी बोलावे. आणि कोणी म्हणाले की हे आपल्या लोकांचे काम नाही, तर त्याला माझगावच्या त्या बंगल्याची गोष्ट सांगावी.