सिवनीहून नागपूर : एका माहेरवाटेचा इतिहास

रस्त्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा सैन्याचा आणि व्यापाराचा हिशेब मांडतात. त्याच रस्त्यांवरून लेकी सासरी गेल्या आणि माहेरी आल्या, याची नोंद मात्र क्वचितच होते. माझी थोरली लेक सिवनीला दिलेली आहे. गेल्या पौषात तिच्याकडे आठ दिवस राहून आम्ही मोटारीने मनीषनगरला परतलो. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. पण घाई नव्हती. बरोबर सोल्यांच्या कचोऱ्या होत्या. म्हणून रमतगमत आलो.

हा रस्ता जुना. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे येणारा इंग्रजी अमदानीतील दख्खनचा मोठा रस्ता तो हाच. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. कुरईचा घाट उतरताना कोवळ्या उन्हात सागाचे रान फार सुंदर दिसते. पुढे पेंचच्या जंगलात रस्ता उंच उचलून वन्यप्राण्यांना खालून वाट करून दिली आहे.

खवासा आले की मध्यप्रदेश संपतो आणि महाराष्ट्र लागतो. ही सीमा आपल्या आजीच्या वेळी नव्हती. सिवनी भोसल्यांच्या राज्यात होती. १८१८ नंतर ती इंग्रजांकडे गेली. १८५३ मध्ये नागपूरचे राज्यही खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला, तेव्हा नागपूर, सिवनी, जबलपूर पुन्हा एका छपराखाली आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूरचे राजधानीपद गेले. त्या दिवशी कित्येकींचे माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात पडले. सोयरिकी मात्र थांबल्या नाहीत.

मनसरला वाट वाकडी करून रामटेकचे दर्शन घेतले. गडावरून नगरधनचा परिसर दिसतो. हेच वाकाटकांचे नंदिवर्धन, असे संशोधक मानतात. पाचव्या शतकाच्या आरंभी येथे प्रभावतीगुप्ता राज्यकारभार पाहत होती. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, उत्तरेकडून या घराण्यात आलेली सून. पती रुद्रसेन वारल्यावर लहान मुलांच्या वतीने तिने राज्य सांभाळले. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. ताम्रपटांत तर ती आपल्या माहेरच्या कुळाचा उल्लेख अभिमानाने करते!

पुढे कन्हान नदी ओलांडली, १८२१ साली वसलेली कामठीची छावणी मागे टाकली आणि सीताबर्डीवरून वर्धा रोडने दिवेलागणीला घरी पोहोचलो.

प्रभावतीचे माहेर ताम्रपटामुळे आपल्याला ठाऊक झाले. आपल्या आज्यांचे ताम्रपट नाहीत. त्या बैलगाडीने किती मुक्कामांनी येत, कोठे उतरत, शिदोरीला काय बांधत, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली. आपल्या मंडळात ज्या भगिनींची माहेरे सिवनी, छिंदवाडा, बालाघाटकडची आहेत, त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एवढे तरी यंदा लिहून ठेवावे. पुढच्या स्मरणिकेला त्याहून चांगला मजकूर कोणता?