ओलीची वाट

जुन्या घरांचा शत्रू कोण, असे विचारले तर बहुतेक जण काळाकडे बोट दाखवतील. आमच्या मते तो मान ओलीचा आहे. जोत्याखाली साचून भिंतीत चढणाऱ्या या पाण्याशी माणूस किमान दोन हजार वर्षे झुंजत आला आहे. ओलीपायी वाडवडिलांचे घर पाडावे की राखावे, हा प्रश्न आज ज्या कुटुंबांपुढे आहे, त्यांनी त्या झुंजीचा इतिहास जरूर पाहावा.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात ओलसर खोल्यांचा विचार केला आहे. तळमजल्याच्या भिंतींना जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत वाळूऐवजी भाजलेल्या विटेचा चुरा घालून गिलावा करावा, असे तो सांगतो. भिंत सदैव ओलीच राहत असेल, तर आतल्या अंगाला किंचित अंतर सोडून दुसरी पातळ भिंत उभारावी. दोहोंमध्ये जमिनीच्या पातळीखाली चर ठेवावा आणि त्याची तोंडे मोकळ्या हवेत उघडावीत. विटेचा तोच चुरा आपले गवंडी सुरखी म्हणून चुन्यात मिसळत आले.

कोकणातील घरबांधणीतही हेच शहाणपण दिसते. उंच जोते, उतरते कौलारू छप्पर, भिंतीपासून दूर पाणी टाकणारी वळचण आणि पावसाळ्यापूर्वी भिंतींना बांधलेले माडाच्या झावळ्यांचे झाप, अशी ती व्यवस्था होती. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून उन्हाळ्यात वाळून जाते. वसईचा किल्ला १७३९ मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेला; तेथील चर्चची छपरे नाहीशी झाली, तरी दगडचुन्याच्या कितीतरी भिंती आजही पाऊस सोसत उभ्या आहेत.

जोसेफ अस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात पोरबंदर येथे १९१४ मध्ये सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. नव्या बांधकामाला सिमेंटने मोठे बळ दिले. परंतु जुन्या चुन्याच्या भिंतीवर त्याचा घट्ट लेप चढवला की ओल कोंडते. तिला बाहेर पडता येत नाही, म्हणून ती आणखी वर चढते. सोबत आलेले क्षार जांभा आणि वीट पोखरतात. लेपच नसला तरीही भागत नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि उघडा पडलेला जांभा पावसाने झिजू लागला.

अमेरिकेतील अनुभव आणखी एक धडा देतो. तेथे अनेक घरांच्या लाकडी जमिनीखाली माणसाला रांगतच शिरता येईल एवढी पोकळी असते. तिला झरोके ठेवावेत, असा नियम विसाव्या शतकात रूढ झाला. पण दमट उन्हाळ्यात बाहेरची उष्ण, बाष्पयुक्त हवा त्या झरोक्यांतून आत येई आणि गार लाकडावर तिचे पाणी होई. नॉर्थ कॅरोलायनातील प्रिन्सव्हिल हे मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेले गाव १९९९ च्या महापुरात बुडाले होते. या शतकाच्या आरंभी तेथील काही घरांवर प्रयोग झाला. झरोके बंद करून मातीवर प्लास्टिक अंथरलेल्या पोकळ्या झरोके असलेल्या पोकळ्यांपेक्षा कोरड्या राहिल्या. तेव्हा वारा खेळवला की ओल जाते, हे नेहमीच खरे नाही. बाहेरची हवा कोरडी हवी. आपल्या पावसाळ्यात ती तशी नसते.

म्हणून पैसे खर्चण्यापूर्वी ओलीची वाट शोधावी. प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीला किंवा जमिनीला चारही बाजूंनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस थेंब जमले तर ओल भिंतीतून अथवा जमिनीतून येते. बाहेरच्या बाजूस जमले तर ती हवेतली आहे. मुसळधार पावसात घराभोवती एक फेरी मारून पागोळ्या कोठे पडतात, पाणी कोठे तुंबते, हे पाहावे. फुटकी कौले बदलावीत, पन्हळ साफ करावी, जोत्याला टेकलेला मातीचा ढीग काढावा, अंगणाला बाहेरच्या दिशेने उतार द्यावा. ओल्या भागावरचे सिमेंट जपून उतरवून भिंत एक उन्हाळा वाळू द्यावी, मगच चुन्याचा गिलावा करावा. यातील पुष्कळसे काम घरच्या माणसांच्या हातांनी होते.

एक काम मात्र कोणा एका घराच्या हातचे नाही. वसईत पावसाचे पाणी पोटात घेणारी बावखले अनेक ठिकाणी बुजवली गेली, जमिनीवर भराव पडले, रस्त्यांची उंची वाढली आणि पूर्वी उंच असलेली जोती सखल झाली. जुलै २०१८ मध्ये वसई परिसर दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला, हे आपण विसरलेलो नाही. शेजाऱ्याच्या भरावाचे पाणी आपल्या जोत्याखाली येते आणि आपल्या भरावाचे त्याच्या. घराची ओल घरमालकाने शोधावी. गावाच्या पाण्याची वाट मात्र गावाने एकत्र बसूनच मोकळी ठेवली पाहिजे.