मंडळाचा जुना फ्रीज आणि पंपावरचा ‘अनलेडेड’ शब्द

गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत हॉलचे भाडे, नाटकाची तिकिटे वगैरे नेहमीचे विषय सुरळीत आटोपले आणि घोडे अडले ते सामानाच्या खोलीतल्या फ्रीजवर. हा फ्रीज आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी १९७६ साली अमेरिकेतल्या पहिल्या घरासाठी घेतला आणि पुढे मंडळाला दिला. पाडव्याचे श्रीखंड, गणपतीतले खव्याचे मोदक, सगळे त्याने सांभाळले. “एकदाही दुरुस्तीवाला बोलवावा लागला नाही. तुम्हा पोरांना चांगली चालती वस्तू टाकायची घाई फार,” असे काका म्हणाले. तरुण मंडळींनी विजेचे बिल पुढे केले. शेवटी, आम्ही रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली, म्हणून “तुम्हीच काय ते सांगा” असे आमच्या गळ्यात पडले. पाच मिनिटांत सांगण्यासारखा हा विषय नव्हता, म्हणून इथे लिहीत आहोत.

फ्रीजची गोष्ट सांगायची तर सुरुवात गाडीपासून करावी लागते. पेट्रोल पंपावर आजही ‘अनलेडेड’, म्हणजे शिसे नसलेले, असे लिहिलेले असते. आपली मुले विचारतात, “पेट्रोलमध्ये शिसे कशाला असेल?” प्रश्न रास्त आहे. शिसे तिथे आपोआप आले नव्हते, ते मुद्दाम घातले होते.

१९२०च्या सुमारास मोटारींच्या इंजिनांना एक खोड होती. पेट्रोल ठरल्या क्षणाआधीच पेट घेई आणि इंजिन आतून ठोके देई. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातले थॉमस मिजली यांनी यावर औषध शोधायला घेतले. अल्कोहोल मिसळले की ठोके थांबतात हे त्यांनी स्वतः पाहिले होते. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो, आणि ते बरेच मिसळावे लागते. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. हे अगदी थोडे पुरे आणि त्याच्या वापराचे पेटंटही घेता येई. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतील डेटन गावी ते पेट्रोल विक्रीला आले. नाव ठेवले ‘एथिल’. शिशाचा उल्लेख नावातून वगळला होता.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. न्यूअर्क विमानतळावरून टर्नपाइकने दक्षिणेकडे निघालो की एलिझाबेथ आणि लिंडनच्या हद्दीवर तेलाच्या टाक्या आणि धुरांडी दिसतात. पाहुण्यांना आणायला जाताना आपण सगळेच तिथून जातो. हाच तो बेवे कारखाना. ऑक्टोबर १९२४ मध्ये इथे हे संयुग बनवणाऱ्या विभागातले पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले आणि तीसहून अधिक जण आजारी पडले. न्यू जर्सीने विक्री थांबवली. तेव्हा मिजली साहेबांनी पत्रकारांसमोर ते द्रव हातावर चोळून आणि हुंगून दाखवले, म्हणजे धोका काहीच नाही! वास्तविक १९२३ साली शिशाच्या विषबाधेमुळे त्यांना स्वतःलाच काही आठवडे फ्लोरिडात विश्रांती घ्यावी लागली होती.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला यावर सरकारी परिषद भरली. हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येलचे प्रा. यांडेल हेंडरसन यांनी बजावले, की कारखान्यातला अपघात ही लहान गोष्ट आहे, खरा धोका रस्त्यांवर रोज थोडे थोडे साचणाऱ्या शिशाचा आहे. पण त्यांच्या हाती तेव्हा आकडे नव्हते. नेमलेल्या समितीने बंदीस पुरेसे कारण नसल्याचे सांगितले, पुढे अभ्यास चालू ठेवा अशी शिफारस केली, आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. पुढचा अभ्यास बराचसा उद्योगाच्याच पैशावर झाला. शंका घेणाऱ्यांवर मात्र प्रगतीच्या आड येत असल्याचा आरोप झाला.

ही शंका खरी ठरवली ती भलत्याच शोधात असलेल्या माणसाने. क्लेअर पॅटरसन हे शास्त्रज्ञ उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचे वय काढत होते. त्यांच्या नमुन्यांत बाहेरचे शिसे इतके घुसे, की आधी प्रयोगशाळाच धुऊनपुसून बंदिस्त करावी लागली. १९५६ साली त्यांनी पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले, आणि मग हे शिसे येते कुठून याचा पाठपुरावा केला. माणसाच्या शरीरातले शिसे निसर्गतः असावे त्याच्या सुमारे शंभरपट आहे, असे त्यांनी १९६५ साली मांडले.

तरीही पेट्रोलमधून शिसे हटायला सुरुवातीला निमित्त झाले ते एका यंत्राचे. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे १९७५ च्या बहुतेक नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. त्यातल्या प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की तो निकामी होतो. म्हणून १९७४ पासून मोठ्या पंपांवर बिनशिशाचे पेट्रोल ठेवणे सक्तीचे झाले. नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले, जेणेकरून शिशाच्या पेट्रोलची जाड नळी आत जाऊ नये. पण ते पेट्रोल काही सेंटांनी स्वस्त असल्याने लोक नरसाळे लावून तेच भरत. फ्रीजवाल्या काकांनीही हसत हसत ही कबुली दिली: “नवे आलो होतो, पै-पै वाचवत होतो. त्यातून काय निघते हे कुणी सांगितलेच नाही.”

पुढचे आकडे बोलके आहेत. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकी माणसाच्या एक डेसिलिटर रक्तात सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसे होते. १९८८ ते १९९१ मध्ये ते २.८ वर आले. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते, हे ध्यानात घेतले की या घसरणीचे मोल कळते. १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाच्या पेट्रोलवर पूर्ण बंदी आली. भारतात १९९५ साली चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच राहिले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ साली थांबले.

नव्वदच्या दशकात मुंबईत वाढलेले आम्ही या हिशेबात मोडतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी, खिडकीच्या काचा खाली, दादरच्या सिग्नलला पुढच्या गाडीचा धूर थेट नाकात. बोरघाटात बॉनेट उघडून रेडिएटरला पाणी पाजणारे बाबा अजून डोळ्यांसमोर आहेत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा आमचेही डोळे पाणावले. गाडी गुणी होती, यात शंका नाही. पण तिच्या टाकीत काय होते याची चौकशी बाबांनी केली नव्हती, आणि करायची ठरवली असती तरी उत्तर कुणी दिले नसते.

आता फ्रीज. सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू असत. गळती झाली की माणसे मरत. १९२८ साली यावर उपाय काढला तोही मिजली साहेबांच्याच चमूने: फ्रीऑन, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन. ना विषारी, ना ज्वालाग्राही. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात त्यांनी तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. या वेळी त्यांचे म्हणणे खरेही होते. स्वयंपाकघरात फ्रीऑन निरुपद्रवीच होता. पण तो नष्टच होत नाही, वर चढत जातो आणि ओझोनच्या थराला खातो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखवले. १९८५ साली अंटार्क्टिकावरचे छिद्र जाहीर झाले, १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, आणि १९९६ पासून प्रगत देशांत या वायूंचे उत्पादन थांबले. त्याजागी आलेला वायू ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवतो. म्हणून तोही मागे पडतो आहे आणि घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन येत आहे. म्हणजे नवे तेवढे चांगले, असेही नाही.

गंमत म्हणजे मिजलींनी बाजूला ठेवलेले अल्कोहोल आज पेट्रोलमध्ये परत आले आहे. इथे बहुतेक पंपांवर ते दहा टक्के असते. भारतात २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आणि त्यात आपल्याकडच्या साखर कारखान्यांचा मोठा वाटा आहे. जुन्या गाड्यांचे रबरी भाग ते सोसतील का, असे तिथले गाडीमालक विचारत आहेत. त्यांना जुनाट म्हणून हिणवू नये. १९२५ सालीही असेच प्रश्न विचारणारे लोक बरोबर होते.

तेव्हा, “जुने ठेवावे की नवे घ्यावे?” या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर नाही. वस्तूतून बाहेर काय पडते, ते कुणाच्या नाकात जाते, आणि ती निर्धोक असल्याचे विकणाऱ्याखेरीज आणखी कुणी तपासले आहे का, एवढे विचारावे. कन्व्हर्टर शाबूत असलेली, वेळेवर तेल बदललेली दहा-बारा वर्षांची गाडी केवळ शेजाऱ्याने नवी घेतली म्हणून विकू नये. नवी बनवायलाही लोखंड, वीज लागतेच.

फ्रीजच्या बाबतीत मात्र आमचा कौल काढून टाकण्याचा आहे. सत्तरच्या दशकातला सरासरी नवा फ्रीज वर्षाला सुमारे १८०० युनिट वीज खाई. आजचा साधारण त्याच्या एक-तृतीयांशात भागतो. मुख्य म्हणजे त्याच्या पोटात फ्रीऑन आहे. तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजारपट जोरकस. दीडशे ग्रॅम धरला तरी दीड टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. पन्नास वर्षांची नळी कधीतरी फुटणारच. त्याआधी परवानाधारक माणसाकडून वायू काढून घ्यावा आणि मग सांगाडा भंगारात द्यावा. तो वायू हवेत सोडणे १९९२ पासून कायद्याने गुन्हा आहे.

हे सारे आधी काकांना वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वायू नीट काढून घेणार ना? मग माझी हरकत नाही. पण नवा घ्याल तो मी बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.” आम्ही अर्थातच कबूल केले.

असो. जिना अरुंद आहे आणि फ्रीज वजनदार. दोन-तीन धडधाकट सभासदांनी आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत. चहा-पोहे मंडळाकडून.