बाणाचं टोक आणि कोतातली वही

पोलिसातली माझी बरीचशी नोकरी कोतात गेली, म्हणजे जिल्ह्याच्या शस्त्रागारात. आता शेगावला राहतो, तरी लोक विचारत येतात. बहुतेकदा एखाद्या जुन्या वऱ्हाडी घरातलं परवान्याचं वेब्ली रिव्हॉल्व्हर असतं आणि सोबत एक गोष्ट असते: हे आमच्या आजोबांना गोऱ्या साहेबानं खूश होऊन दिलं. गोष्टीचा मला आदर आहे. पण मी आधी हत्यार रिकामं आहे का ते बघतो आणि मग भिंग घेऊन लोखंडावरची अक्षरं वाचतो.

पहिली खूण बाणाच्या टोकाची. कोंबडीचा पाय उमटावा तशा तीन रेघा. ब्रिटिश सरकारी मालाची ही खूण काही शतकं जुनी आहे, आणि ती तोफेपासून रिव्हॉल्व्हरपर्यंत सगळ्यावर ठोकली जाई. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. ऑस्ट्रेलियाचा बाण दोन डीच्या मधे असतो, कॅनडाचा सीच्या पोटात. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर सरकारनं ते हत्यार रीतसर विकून टाकलं. घराण्याच्या गोष्टीला बळ देणारी खूण असेल तर ही. एकटा बाण मात्र एवढंच सांगतो की हे कधीकाळी सरकारचं होतं. कोणत्या साहेबाच्या कमरेला होतं, ते तो सांगत नाही.

बाण नसला म्हणून हत्यार खोटं ठरत नाही. इंग्रज अधिकारी पुष्कळदा स्वतःच्या पैशानं रिव्हॉल्व्हर घेत. त्यावर बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे मुकुटाखाली बीपी, बीव्ही असे शिक्के सापडतात, आणि कधी नळीच्या वरच्या पट्टीवर दुकानदाराचं नाव. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं नाव दिसलं की मला मुंबईतल्या काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आठवते. आजही ती त्याच नावानं उभी आहे. असं रिव्हॉल्व्हर साहेबाचं खाजगी होतं, त्यामुळे ते त्यानं कुणाला दिलं असणं शक्य आहे.

मग मॉडेल. वेब्लीचं मार्क सहा हे १९१५ सालचं, .४५५ बोअरचं, पहिल्या महायुद्धातलं. १९३२ मध्ये एनफिल्डचं हलकं .३८ आलं. दुसऱ्या महायुद्धात तेवढ्यानं भागेना, म्हणून वेब्लीचं मार्क चार घेतलं गेलं. घाईच्या कामामुळे पॉलिश खडबडीत राहिलं, आणि कारखान्यानं तसं प्रामाणिकपणे ठोकूनही दिलं: वॉर फिनिश. हे दोन शब्द असलेलं हत्यार पणजोबांनी पहिल्या महायुद्धात वापरलेलं असू शकत नाही, मग घरात काहीही सांगत असोत. बॉडीचा, नळीचा आणि सिलिंडरचा नंबरही ताडून बघावा. सिलिंडरचा वेगळा निघाला तर सुटा भाग नंतर बदललेला आहे.

इथवर कुठलंही पुस्तक नेईल. पुढे वऱ्हाडच माहीत असावं लागतं. १८५३ साली निजामानं कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०२ मध्ये त्याचा कायमचा पट्टा झाला, १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. स्वातंत्र्यानंतर आपण मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. खामगाव तालुका, आणि त्यात शेगाव, १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. म्हणून त्याआधीच्या हत्याराचा कागद बुलडाण्यात धुंडाळण्यात वेळ घालवू नये, अकोल्याकडे वळावं. नंतरच्या कागदांसाठी नागपूर, कारण १९५६ पर्यंत राजधानी तिथे होती.

गजानन महाराज शेगावात प्रकटले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी. त्याच वर्षी इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला. हत्यार बाळगायला परवाना लागू लागला, आणि त्यातून युरोपियनांना सूट होती. तो कायदा आपल्या लोकांना नि:शस्त्र करणारा होता, यात मला शंका नाही. पण त्यानंच एक कागदी माग निर्माण केला: नाव, गाव, हत्याराचा नंबर. आज कुणाचं काय होतं हे कळतं ते त्या मागावरून.

भगतसिंगांचं पिस्तूल असंच सापडलं. १७ डिसेंबर १९२८ला लाहोरात पोलिस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी आपल्या खेडच्या राजगुरूंनी झाडली, मग भगतसिंगांनी. त्यांचं .३२चं कोल्ट पुढे फिल्लौरच्या पोलिस प्रशिक्षण केंद्रातून इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात गेलं आणि काळ्या रंगाखाली अनेक वर्षं अनोळखी पडून राहिलं. २०१६ मध्ये रंग खरवडल्यावर नंबर दिसला, १६८८९६. जुन्या नोंदींतला नंबर तोच होता. नोंद नसती तर ते इतर कोल्टांसारखंच एक कोल्ट राहिलं असतं.

माझं मत यावरूनच बनलं आहे. खूण राज्य सांगते, काळ सांगते. माणूस सांगते ती वही. आणि आपल्याकडे हत्यारं जपली जातात, वह्या रद्दीत जातात.

घरात जुनं परवान्याचं रिव्हॉल्व्हर असेल तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका, त्यावर निकेल चढवू नका. नंबर किंवा खूण खोडणं १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार गुन्हाही आहे. आजोबांचा परवाना, खरेदीची पावती, वारसाच्या नावावर चढवल्याचा कागद एकत्र ठेवा. आणि पोलिसातल्या माझ्या भावांनो, कोतातली जुनी वही निकाली काढायची वेळ आली, तर ती आधी नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयाला दाखवा.