दुचाकीची सीट : काढण्यास सोपी, बसवण्यास पक्की

पहूर (ता. जामनेर) : जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा महामार्ग आणि जामनेर-शेंदुर्णी-पाचोरा रस्ता ज्या ठिकाणी एकत्र येतात, ते वाघूर नदीकाठचे पहूर हे गाव. पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे २०२० मध्ये थांबल्यानंतर परिसरातील प्रवाशांचा एसटी आणि दुचाकीवरील भार अधिकच वाढला. शेतात जाणे, दूध पोहोचवणे, बाजार करणे, मुलांना शाळेत सोडणे अशी सारी कामे मोटारसायकलवरच होतात. अशा गाडीची बॅटरी उतरली किंवा फ्यूज उडाला, की बहुतेक वेळा पहिले काम असते ते सीट काढण्याचे. नेमके तेच अनेकांना जमत नाही. गंजलेला बोल्ट फिरत नाही, लॉक उघडत नाही आणि पाच मिनिटांच्या कामासाठी गाडी ढकलत गॅरेज गाठावे लागते. थोडी पूर्वतयारी केल्यास हा त्रास टाळता येतो.

सीट कशी अडकवलेली असते?

बहुतेक मोटारसायकलींच्या सीटची मूळ रचना सारखीच आहे. सीटच्या तळाशी पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा पाट असतो. त्याच्या पुढच्या टोकाला एक जीभ असते. ती पेट्रोलच्या टाकीमागे चासीवरील पट्टीखाली सरकते. काही गाड्यांत मध्यभागीही एक आकडा असतो. मागची बाजू दोन बोल्टांनी किंवा किल्लीच्या लॉकने धरली जाते. पाट आणि चासी यांच्यामध्ये रबरी बुश असतात. ते धक्के झेलतात आणि सीटचा खडखडाट होऊ देत नाहीत.

१९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० पासून शंभर सीसीच्या गाड्यांचा काळ सुरू झाला. १९९४ मधील स्प्लेंडरने हा वर्ग गावोगाव नेला. या वर्गातील अनेक गाड्यांची सीट बोल्टने बसवलेली असते. किल्लीने उघडणाऱ्या सीटमध्ये तळाशी लोखंडी कडी असते व ती चासीवरील लॉकच्या खटक्यात अडकते. किल्ली फिरवली की बारीक केबल खटका मागे ओढते आणि सीट सुटते.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण गंजाची. पावसाळ्यात मागच्या चाकाने उडवलेला चिखल थेट बोल्टवर बसतो. खानदेशातील काळ्या मातीचा चिखल चिकट असतो. तो सुकला की आट्यांमध्ये घट्ट होतो. दुसरी अडचण उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांवर जातो. वर्षानुवर्षे असा उन्हाळा सोसलेले रबरी बुश कडक होतात, चेपतात किंवा पाटाला चिकटतात.

तिसरी अडचण बरेचदा आपणच निर्माण केलेली असते. सीट मऊ व्हावी म्हणून जादा फोम भरला जातो, त्यावर नवे कव्हर चढवले जाते आणि त्याची दुमड पाटाखाली जिभेजवळ येते. मग जीभ पट्टीखाली पूर्ण सरकत नाही, मागचा बोल्ट भोकासमोर येत नाही आणि तो तिरका घुसवला जातो. आटे जातात ते येथेच. मागाहून लावलेले कॅरिअर किंवा साडीगार्ड बोल्टच्या तोंडावर आल्यास पाना फिरवायलाही जागा उरत नाही.

बोल्टच्या सीटसाठी उपाय

घट्ट बोल्टवर एकदम जोर लावू नये. आधी तारेच्या ब्रशने चिखल साफ करावा, गंज सोडवणारे तेल सोडून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि रिंग पाना किंवा बॉक्स पाना वापरावा. उघड्या तोंडाच्या पान्याने बोल्टचे कोपरे झिजतात. बोल्ट थोडा सैल, थोडा घट्ट असा मागेपुढे फिरवत काढल्यास आटे वाचतात.

एकदा बोल्ट निघाला, की तोच परत लावण्याऐवजी त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट लावणे हिताचे. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारणपणे दहाचा पाना लागतो, आठ मिलिमीटरच्या बोल्टला बाराचा किंवा तेराचा. माप मात्र डोक्यावरून न ठरवता जुना बोल्ट दुकानात नेऊन आटा जुळवून घ्यावा. आट्यांना किंचित ग्रीस लावल्यास पुढच्या वेळी बोल्ट सहज निघतो.

हाताने फिरणारा मुठीचा बोल्ट हा आणखी एक पर्याय. तो लावल्यास पान्याची गरजच उरत नाही. मात्र त्याच्या दोन मर्यादा आहेत. हाताने आवळलेला बोल्ट पान्याएवढा घट्ट होत नाही, त्यामुळे त्याखाली स्प्रिंग वायसर आवश्यक असतो आणि तो अधूनमधून तपासावा लागतो. शिवाय जो बोल्ट मालकाला हाताने निघतो, तो चोरालाही निघतो. बाजारात गाडी तासन्‌तास उभी राहत असेल, तर साधा बोल्ट आणि सोबत एक पाना हीच जोडी बरी. हा पाना सीटखाली ठेवून उपयोग नाही. तो सीट न काढता हाती येईल अशा जागी असावा.

किल्लीच्या सीटसाठी उपाय

किल्ली फिरते पण सीट उघडत नाही, अशा वेळी किल्लीवर जोर लावल्यास ती तुटते. दुसऱ्याला सीटचा मागचा भाग खाली दाबण्यास सांगून त्याच वेळी किल्ली फिरवावी. रबरी बुशांमुळे कडी खटक्याला वर ओढत असते. सीट दाबली की तो ताण जातो आणि खटका सुटतो. वर्षातून दोनदा, म्हणजे पावसाळ्याच्या आधी व नंतर, खटका पुसून त्यावर हलके तेल सोडावे. कडी वाकली असल्यास ती सरळ करून घ्यावी.

केबल तुटल्यास सीट अडकून बसते. यावर अनुभवी मेकॅनिक खटक्याला एक बारीक पोलादी तार बांधून तिचे दुसरे टोक बाहेरून न दिसणाऱ्या जागी सोडतात. केबल गेली तरी ही तार ओढून सीट उघडता येते. तार चाकाजवळ किंवा साखळीजवळ लोंबकळणार नाही, याची दक्षता घ्यावी.

बसवताना काय पाहावे?

सीट पुन्हा बसवताना आधी वायरी नीट आत सरकवाव्यात. जीभ किंवा पाट यांच्याखाली वायर दबली, तर तिचे आवरण कापले जाते. बॅटरी सीटखाली असेल, तर धन टर्मिनलवरील रबरी टोपी जागेवर हवी. जुन्या गाड्यांचा पाट पत्र्याचा असतो. तो उघड्या टर्मिनलला टेकल्यास शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. बॅटरी काढताना ऋण टर्मिनल आधी आणि लावताना शेवटी, हा क्रम पाळावा. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे मोटारसायकलींवर फ्युएल इंजेक्शन सर्रास आले. त्याची विद्युत जोडणी अनेक गाड्यांत सीटखालीच असते. म्हणून सीट काढून जोरदार पाण्याने गाडी धुणे टाळावे.

जीभ आधी पट्टीखाली पूर्ण सरकवावी आणि मगच मागची बाजू दाबावी. बोल्टचे पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवावेत. ते अडले तर बोल्ट तिरका जात आहे असे समजावे. दोन्ही बोल्ट लागल्याशिवाय एकही पूर्ण आवळू नये. शेवटी सीटची पुढची व मागची बाजू हाताने उचलून पाहावी. फक्त 'खट्' असा आवाज आला म्हणून भागत नाही. जड बुश सहज सरकावेत म्हणून त्यांना ग्रीस किंवा ऑईल लावू नये, त्याने रबर फुगते. सिलिकॉन स्प्रे वापरावा.

कायदा आणि सुरक्षा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२८ नुसार मागे बसणारी व्यक्ती चालकाच्या मागे, गाडीला पक्क्या बसवलेल्या योग्य आसनावरच बसली पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागच्या प्रवाशासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. म्हणून बोल्टपर्यंत पाना पोहोचावा यासाठी साडीगार्ड किंवा मूठ कायमची काढून टाकणे हा उपाय होऊ शकत नाही. त्याऐवजी कॅरिअरची पट्टी थोडी सरकवून घ्यावी किंवा लांब बॉक्स पाना वापरावा.

प्लॅस्टिकच्या पाटाची जीभ तुटली असेल, तर तार बांधून काम भागवू नये. पुढून मोकळी असलेली सीट ब्रेक लावताना किंवा खड्ड्यात आपटताना सरकते आणि तोल मागे बसलेल्याचाही जातो. असा पाट बदलणेच योग्य. पावसाळ्यापूर्वी एकदा सीट काढून बोल्ट, बुश, खटका आणि वायरी तपासण्यास जेमतेम अर्धा तास लागतो. शेंदुर्णीच्या किंवा अजिंठ्याच्या वाटेवर रात्री गाडी बंद पडली, तर हाच अर्धा तास उपयोगी पडतो.