लाकडी नंदी आणि आपली राजमुद्रा

भगिनींनो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. सुताराने घडविलेला लाकडी नंदी, पायांखाली चाके, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, अशा थाटाने मुले तो तोरणाखाली नेतात आणि मग घरोघर बोजारा मागतात. नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असे सांगतात. लहानपणीच बैलाची माया लागावी, हा तिचा हेतू.

हाच बैल आपल्या राजमुद्रेवरही आहे, हे पुष्कळजणींच्या ध्यानात येत नाही. सम्राट अशोकाने सारनाथ येथे सुमारे २,२५० वर्षांपूर्वी दगडी स्तंभ उभारला. त्याच्या माथ्यावर चार सिंह आहेत. त्यांच्या पायांखालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल व सिंह कोरले असून मध्ये चक्रे आहेत. २६ जानेवारी १९५० रोजी भारताने ही मुद्रा स्वीकारली. चित्रात तीन सिंह दिसतात. खाली मधोमध चक्र, आपल्या डाव्या हाताला घोडा, उजव्या हाताला बैल.

राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितासाठी हे चित्र रेखाटले ते नंदलाल बोस यांचे शिष्य दीनानाथ भार्गव यांनी. ते बैतुल जिल्ह्यातील मुलताईचे. १९५६ पर्यंत बैतुल आणि आपला वऱ्हाड एकाच राज्यात होते, म्हणजे ते आपल्या शेजारचेच. त्याच हस्तलिखितात पहिल्या भागाच्या माथ्यावर मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील वशिंडाचा बैलही आहे.

राजमुद्रेवरील बैलाचा अर्थ विद्वान नाना प्रकारे लावतात. शेतकऱ्याच्या घरी मात्र तो सांगावा लागत नाही. ज्याच्या कष्टावर घर जेवले, त्याला राष्ट्राने मानाची जागा दिली, एवढे आपल्याला पुरे.

आता ट्रॅक्टर आले, दावणी रिकाम्या होत आहेत. बाजारात प्लास्टिकचे बैल स्वस्त मिळतात. उद्या गावच्या सुताराच्या हातचा नंदीही गेला, तर आपल्या नातवंडांना राजमुद्रेवरचा बैल परका वाटेल. म्हणून पोळ्याच्या महिनाभर आधी सुताराला एक नंदी सांगावा. तो घरी आला, की नोटेवरची राजमुद्रा मुलाच्या हाती द्यावी आणि विचारावे, “यात आपला नंदी कुठे आहे, शोध बरे!”